दुसरी उकळी

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून. पाळकसाहेब टेबलावरचं पांढरं कापड उचलतात. खाली बेखमीर भाकरीच्या तुकड्यांची ताटली असते आणि काचेच्या चिमुकल्या पेल्यांचा ट्रे. आमच्यात दारू वर्ज्य, म्हणून त्या पेल्यांत काळ्या मनुकांचा रस. ट्रे ओळीनं फिरतो, ज्यानं त्यानं एक पेला उचलायचा आणि पाळकसाहेबांनी खूण केली की सगळ्यांनी एकदम तोंडाला लावायचा. नव्यानं येणाऱ्यांना वाटतं, हे सगळं कुठल्यातरी दुकानातून येत असेल. ते एकोणीस वर्षं शालनताई साळव्यांच्या ओट्यावरून येत होतं.

शालनताई बदलापूरच्या कात्रपला राहतात, आमच्या गल्लीच्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर. बिल्डिंगला लिफ्ट नाही. पेले धुण्याचं काम माझ्याकडे, भरण्याचं त्यांच्याकडे. उपासना संपली की आम्ही दोघी मागच्या खोलीतल्या मोरीपाशी बसायचो, त्या विसळायच्या, मी पुसायचे. माणूस समोरासमोर बसून जे सांगत नाही ते शेजारी बसून भांडी घासताना सांगतं. मला शालनताईंबद्दल जे माहीत आहे ते बहुतेक त्या मोरीपाशी कळलेलं.

त्यांचं बालपण अंबरनाथला, ऑर्डनन्सच्या क्वार्टर्समध्ये गेलं. वडील नगर जिल्ह्यातून येऊन फॅक्टरीत लागलेले. दहावी झाली, शिवणक्लास झाला आणि धर्मराजभाऊंचं स्थळ आलं. भाऊ एमआयडीसीतल्या एका कंपनीत फिटर होते आणि रविवारी मंडळीत ढोलकी वाजवायचे. "मी ढोलकी ऐकून हो म्हटलं," शालनताई सांगायच्या. "पगार नंतर विचारला. तोवर उशीर झालेला."

अकरा वर्षांपूर्वी, भाऊ त्रेचाळीसचे असताना, एका सकाळी दाढी करता करता त्यांची उजवी बाजू गेली. मंडळीनं साखळी प्रार्थना धरली. म्हणजे प्रत्येक घरानं एकेक तास वाटून घ्यायचा, एकानं सोडला की दुसऱ्यानं धरायचा, दोरा कुठे तुटू द्यायचा नाही. असे चाळीस दिवस. माझ्याकडे दुपारचा तीन ते चार होता. भाऊ वाचले. वाचा तुटक का होईना, परत आली. उजवा हात आणि पाय मात्र परतले नाहीत. ढोलकी माळ्यावर गेली.

मुलगी करिष्मा तेव्हा आठवीत. शालनताईंनी उल्हासनगरच्या एका जीन्सवाल्या सेठकडून धागा कटिंगचं काम आणलं. टेम्पो यायचा, पँटींचे गठ्ठे टाकून जायचा, आणि त्या भाऊंच्या खाटेशेजारी बसून शिलाईचे लोंबणारे धागे कापत राहायच्या. नव्या जीन्सचा रंग सुटतो. त्यांच्या बोटांची पेरं आणि नखांच्या कडा बारा महिने निळ्या असत. फक्त महिन्यातला एक दिवस नसत. पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी त्या गठ्ठ्याला हात लावायच्या नाहीत. लिंबाची फोड घेऊन एकेक नख घासायच्या, मग मनुका हातात घ्यायच्या. टेम्पोवाला वैतागायचा. "शालनबाई का सॅटरडे मतलब पूरा सरकारी ऑफिस," म्हणायचा. शालनताई म्हणायच्या, "सेठ को बोल, मेरा बडा साहब अलग है."

एकदा मी त्यांना विचारलं होतं की इतकं सगळं कसं निभावता. त्या पेला उजेडात धरून बघत होत्या, डाग राहिलाय का ते. म्हणाल्या, "महिनाभर मी दुसऱ्यांच्या पँटींचे धागे कापते. एक दिवस प्रभूच्या टेबलाचं करते. तेवढ्या दिवशी वाटतं, त्याचं माझ्यावाचून अडतंय. अडत नाही, ते कळतं मला. पण त्या एका दिवसावर मी बाकीचे एकोणतीस ढकलते, माधवी."

मला तेव्हा त्यांचा हेवा वाटला होता, खोटं कशाला बोलू. माझा नवरा धडधाकट, फ्लॅट स्वतःचा, आणि माझ्याकडे असा एकही दिवस नव्हता.

मग विनिता आली.

विनिता आणि महेश हे जोडपं तीनेक वर्षांपूर्वी बदलापुरात राहायला आलं. विनिता अडतीस वर्षांची, बोलकी, रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन खुर्च्या लावणारी. गेल्या वर्षी जूनमध्ये महेशला अटॅक आला, तोच, उजव्या बाजूचा. मंडळीनं पुन्हा साखळी धरली. पुन्हा चाळीस दिवस, पुन्हा मला तीन ते चार. शालनताईंनी पहाटेचा चारचा तास मागून घेतला, तो कुणी घेत नाही म्हणून. आणि सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी महेश काठी न घेता दारातून टेबलापर्यंत चालत आला.

आख्खी मंडळी रडली. मीही रडले. मग विनिता साक्ष द्यायला उभी राहिली, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायला. ती म्हणाली, "आम्ही मनापासून मागितलं. आणि मनापासून मागितलं की तो देतोच."

शालनताई माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी पदराचं टोक घेतलं आणि त्याची घडी घालायला लागल्या. घडीवर घडी, पार सुपारीएवढी होईपर्यंत.

मोरीपाशी त्या एकच पेला पुन्हा पुन्हा विसळत होत्या. मग म्हणाल्या, "आम्ही काय वरवर मागितलं होतं?"

मी म्हटलं, "तिला तसं म्हणायचं नसेल हो."

"नसेल." त्यांनी नळ मोठा सोडला.

त्याच दिवशी ट्रेमधून पेले विसळायला काढून देताना मला तो पेला सापडला. रस प्यायलेल्या पेल्याच्या तळाशी जांभळं कडं राहतं. साठांतल्या एकोणसाठ पेल्यांना ते होतं. एक पेला कोरा करकरीत होता, त्यात रस कधी पडलाच नव्हता. मला वाटलं, भरताना राहिला असेल. ऑक्टोबरला पुन्हा एक कोरा निघाला. नोव्हेंबरला मी नीट लक्ष ठेवलं. शालनताई ट्रे भरताना कडेचा एक पेला रिकामा ठेवत होत्या. ट्रे आपल्याकडे आला की तोच उचलायच्या, सगळ्यांबरोबर तोंडाला लावायच्या आणि खाली ठेवायच्या.

का, ते मला लगेच कळलं. मनात कुणाबद्दल वाकडं असेल तर आधी ते सरळ कर, मग पेल्याला हात लाव, ही शिकवण आमच्या हाडात मुरलेली आहे. माझी सासू भावाशी बांधावरून भांडली होती. तिनं सात वर्षं पेला घेतला नाही, आणि अख्ख्या गावाला ते ठाऊक होतं. शालनताईंना मात्र कुणाला कळू द्यायचं नव्हतं. पेला घेतला नाही तर लोक विचारणार, कुणाशी वाकडं आहे. आणि सांगणार काय? की देवानं हिच्या नवऱ्याला उठवलं, म्हणून हिच्याशी?

मी कोरा पेला पुसून रांगेत ठेवत राहिले. सप्टेंबर ते एप्रिल, आठ महिने.

प्रभुभोजन झालं की दुपारी पाळकसाहेब आजाऱ्यांच्या घरी जातात, उरलेली भाकर आणि रस घेऊन. भाऊंकडेही यायचे. मी सोबत असायचे. भाऊंना तुकडा भरवला, पेला ओठांना लावला की पाळकसाहेब शालनताईंकडे वळायचे, आणि त्या म्हणायच्या, "मी तिकडे घेतला." भाऊ खाटेवरून त्यांच्याकडे बघायचे. माणसाला धड बोलता येत नाही तेव्हा तो फार बघतो.

मेमध्ये विनितानं पाळकसाहेबांना विचारलं, या महिन्याची भाकर आणि रस मी करू का? उपकारस्तुती म्हणून, एकदाच. यात वाईट काहीच नव्हतं. पाळकसाहेबांनी हो म्हटलं आणि शालनताईंना निरोप दिला की तिला जरा रीत समजावून सांगा.

गुरुवारी संध्याकाळी विनिता वही घेऊन शालनताईंकडे आली. मीही होते, मनुका निवडायला म्हणून बोलावलेलं. शालनताईंनी सगळं रीतसर सांगितलं. मनुका कोमट पाण्यात तीनदा धुवायच्या, नाहीतर वरचा तेलकटपणा रसात उतरतो. भिजवायच्या, मग मंद आचेवर शिजवायच्या, गार झाल्या की हातानं कुस्करून मलमलच्या फडक्यातून गाळायच्या. भाकरीच्या कणकेत मीठही नाही. तुकडे कात्रीनं करायचे, आणि ती कात्री वेगळी ठेवायची.

"गाळला की झालं?" विनितानं लिहिता लिहिता विचारलं.

"झालं. बाटलीत भर, बूच लाव."

"मग मी उद्याच करून ठेवते ताई. शनिवारी महेशची फिजिओथेरपी असते."

"ठेव की."

मी मान वर केली. शालनताई माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांच्या हाताखाली मी ही रीत किती वर्षं पाहिलेली. त्यांनी जी सांगितली ती डिसेंबरची होती. मार्चनंतर ती बदलते. उन्हाळ्यात रस गाळल्यावर त्याला पुन्हा एक सणसणीत उकळी द्यायची, गार झाला की फ्रीजमध्ये ठेवायचा, आणि करायचा तो शनिवारीच. हातानं कुस्करून काढलेला रस बदलापूरच्या मे महिन्यात दोन दिवस बाहेर राहिला तर त्याचं काय होतं, ते सांगायला नको.

मला वाटलं, त्या विसरल्या असतील, जाता जाता सांगतील. विनिता चपला घालेपर्यंत मी वाट बघितली. शेवटी तिला "जिन्यात जपून" एवढंच म्हणाल्या. मी तेव्हा बोलायला हवं होतं. बोलले नाही. माझ्याही मनात कुठेतरी होतं की आठ महिने चमत्कारवाली म्हणून मिरवलेल्या बाईचं एकदा चुकू दे. हे मी पुढे पाळकसाहेबांना सांगितलं, म्हणून इथेही लिहिते.

शनिवारी मी शालनताईंकडे डबा द्यायला गेले तर ओट्यावर पातेलं होतं आणि घरभर मनुकांचा वास. त्यांची नखं स्वच्छ होती.

"या महिन्याचं विनिता करतेय ना?" मी विचारलं.

"घरात असावा थोडा," त्या म्हणाल्या. "यांना आवडतो."

भाऊ खाटेवरून पातेल्याकडे बघत होते. त्यांना शब्द जुळवायला वेळ लागतो. "साठ... जणांना... पुरेल," ते म्हणाले.

"झोपा तुम्ही," शालनताई म्हणाल्या.

रविवारी सकाळी आम्ही तिघी मागच्या खोलीत होतो. बाहेर पेटी सूर धरत होती, दहा मिनिटांत उपासना सुरू होणार होती. विनितानं बाटलीचं बूच फिरवलं आणि ते तिच्या हातातून उडून भिंतीवर आपटलं. बाटलीतून फेस वर आला. खोलीभर असा वास सुटला की उल्हासनगर कॅम्पातल्या एखाद्या बारचं दार उघडलं असावं.

दाराशी गोजरबाई टेकून बसल्या होत्या, आमच्या मंडळीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या. त्यांनी नाक वर केलं. "कोण पिऊन आलंय गं?"

"कुणी नाही आजी," मी दार लोटलं.

विनितानं एक थेंब जिभेवर घेतला आणि खाली बसली. "तुम्ही सांगितलं तसंच केलं," ती म्हणाली. "वहीत बघून केलं. आता काय करू? महेशची आई आलीय, माझा भाऊ आलाय. मी सगळ्यांना सांगितलं होतं की आज माझ्या हातचं."

शालनताईंनी पिशवी उघडली. आत टॉवेलात गुंडाळलेली बाटली होती, फ्रीजमधून काढलेली, बाहेरून घाम फुटलेली. त्यांनी ती टेबलावर ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मी ओळखते. दुसऱ्याच्या लग्नात आपल्या हातच्या मोदकांची वाहवा झाली की बायकांच्या चेहऱ्यावर येतं ते.

विनिता बाटलीकडे बघत राहिली. मग तिनं दोन्ही हात जोडले. "ताई, तुम्हाला कसं कळलं? तुम्हाला तर कुणी करायला सांगितलं नव्हतं." तिचे डोळे भरून आले. "प्रभूनं तुमच्या मनात घातलं. बघा माधवीताई, माझं बिघडणार ते त्याला आधीच ठाऊक, म्हणून त्यानं यांना उठवून करायला लावलं. मी आज साक्षीत सांगणार आहे."

शालनताईंच्या चेहऱ्यावरचं ते सगळं उतरलं. मी सांगते, त्या क्षणी त्यांनी नुसतं गप्प बसणं पुरेसं होतं. गप्प बसल्या असत्या तर अकरा वर्षांत जे नाव त्यांच्या वाट्याला आलं नव्हतं ते अर्ध्या तासात आलं असतं. चमत्कार त्यांच्याही घरी झाला असता, आणि तोही विनिताच्याच तोंडून.

"त्याचं नाव घेऊ नको," त्या म्हणाल्या.

"का?"

"त्यानं नाही घातलं. मीच घातलं." त्यांनी टॉवेलाची घडी केली, मग मोडली. "उन्हाळ्यात गाळल्यावर परत उकळायचं असतं. फ्रीजमध्ये ठेवायचं असतं. मी तुला सांगितलं नाही. मला माहीत होतं नासणार. म्हणून मी घरी केला, आणि आज सगळ्यांसमोर काढणार होते."

बाहेर पहिलं गीत सुरू झालं.

विनिता उभी राहिली. "मी काय केलं तुमचं?"

"काही नाही."

"मग?"

"तुझा उठला," शालनताई म्हणाल्या. "माझा नाही उठला."

विनिताचं तोंड लाल झालं होतं. मला वाटलं होतं ती रडेल, गळ्यात पडेल, तशी ती आहे. ती पडली नाही. "मला कळत नव्हतं असं वाटतं तुम्हाला?" ती दबक्या आवाजात म्हणाली. "मी समोर आले की तुम्ही खाली बघता. महेश आला की चप्पल शोधायला लागता. आठ महिने. मी त्याला उठवलं का? मला तरी कुठे ठाऊक त्याला का उठवलं आणि भाऊंना का नाही? मी तर तुमच्या निम्म्यानंही प्रार्थना करत नाही. कधीकधी मला तुमच्यासमोर बसायची लाज वाटते."

"वाटू दे थोडी," शालनताई म्हणाल्या. "मला बरं वाटेल."

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर तो टोमणा झाला असता. शालनताईंनी ते इतकं सरळ म्हटलं की मलाच हसू फुटलं, आणि मी ते पदरात दाबलं. विनिता हसली नाही. तिनं आपली आंबलेली बाटली मोरीत उपडी केली, वास जाईपर्यंत पाणी सोडलं आणि म्हणाली, "भरा पेले. उशीर होतोय."

पेले भरले, ट्रे गेला. साक्षीची वेळ आली तेव्हा विनिता उठली नाही. तिची वाट बघून पाळकसाहेब पुढे गेले. बाहेर पडताना गोजरबाई तिला म्हणाल्या, "रस चांगला झाला हो. अगदी नेहमीसारखा." विनिता म्हणाली, "नेहमीच्याच हातचा आहे, आजी."

धुवायला मी एकटीच बसले. त्या दिवशी एक पेला कोरा निघाला आणि एक भरलेला. विनितानं लपवाछपवी केली नव्हती. ट्रे आला तसा पुढे जाऊ दिला होता.

दुपारी मी पाळकसाहेबांबरोबर शालनताईंचा जिना चढत होते, तर मागून आवाज आला. खालच्या वळणावर महेश कठडा धरून एकेक पायरी चढत होता, आणि एक पायरी मागे विनिता. ती मला म्हणाली, "या महिन्याचं माझ्याकडे होतं ना. मग शेवटपर्यंत करायला नको?" आवाजात अजून राग होता. पण आली होती.

शालनताईंनी दार उघडलं. महेशला बघून त्यांचा हात सवयीनं चपलांच्या रॅककडे गेला, आणि तिथेच थांबला. "ये," त्या म्हणाल्या. "बस. दमला असशील."

महेश भाऊंच्या खाटेशेजारच्या स्टुलावर बसला. कोपऱ्यात जीन्सचे गठ्ठे. भाऊंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, पायांवर थोडं जास्त थांबले. मग शब्द गोळा करायला लागले. आम्ही सगळे थांबलो. त्या घरात थांबायची सवय होते.

"मला," भाऊ म्हणाले, "तुझा... हेवा... वाटतो रे."

जो शब्द शालनताईंनी आठ महिने रिकाम्या पेल्यात लपवला होता, तो भाऊंनी पाणी मागावं तसा बोलून टाकला.

महेशनं मान खाली घातली. "माहीत आहे, भाऊ."

"मग... चाल."

"काय?"

"इथं. चाल. बघू... दे."

महेशनं विनिताकडे बघितलं, मग उठला. खाटेपासून दारापर्यंत सात-आठ पावलं होतात. तो गेला, वळला, परत आला. उजवा पाय जरासा ओढत होता. दुसऱ्या खेपेला खाटेच्या लोखंडी दांडीवर टक असा आवाज झाला. मग परत, टक, टक-टक. भाऊ डाव्या हाताच्या बोटांनी ठेका धरत होते, महेशचं पाऊल पडेल तिथे सम. पाय अडखळला की ठेकाही थांबायचा, त्याची वाट बघायचा, आणि उचलला की पुढे जायचा. अकरा वर्षांत मी भाऊंना वाजवताना ऐकलं नव्हतं.

मी शालनताईंकडे बघितलं. त्या महेशच्या पायांकडे बघत होत्या. खाली नाही, कुठे दुसरीकडे नाही, त्या पायांकडेच. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या.

"ताई," विनिता त्यांच्याजवळ सरकून म्हणाली, "मनापासून मागितलं की देतोच, असं मी त्या दिवशी म्हणाले. ते मी म्हणायला नको होतं."

"नकोच होतं," शालनताई म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "मीही तुला डिसेंबरची रीत सांगायला नको होती."

पाळकसाहेबांना या बोलण्यातलं किती कळलं, मला ठाऊक नाही. त्यांनी पेले काढले. भाऊंना भरवला. महेशला दिला. विनितानं या वेळी उचलला. मग ते शालनताईंकडे वळले आणि सवयीनं त्यांना ओलांडून पुढे जायला लागले.

"साहेब," शालनताई म्हणाल्या, "मी तिकडे घेतला नाही."

ते थांबले. त्यांनी पेला पुढे धरला. भाऊ खाटेवरून बघत होते. शालनताईंनी पेला घेतला, प्यायल्या, आणि तोंड जरा वाकडं केलं. "गोड झालाय थोडा," म्हणाल्या. "घाईत केला ना, मनात दुसरंच होतं."

पेले मी त्यांच्याच मोरीत धुतले. सगळ्यांच्या तळाशी जांभळं कडं होतं.

आता महिन्यातला तो एक शनिवार दोघींचा आहे. विनिता मनुका धुते, शालनताई लिंबानं नखं घासत सूचना देतात. दुसरी उकळी द्यायची वेळ झाली की विनिता मुद्दाम वही उघडते, आणि शालनताई म्हणतात, "बस झालं, किती दिवस टोचशील." महेश भाऊंपाशी बसतो. सगळं निवळलं असं मी म्हणणार नाही. परवा मोरीपाशी मी विचारलंच, अजून हेवा वाटतो का.

"वाटतो की," शालनताई म्हणाल्या. त्या पेला उजेडात धरून बघत होत्या. "जिन्यात त्याचं पाऊल वाजलं की इथं कळ येते. अकरा वर्षं मी त्या जिन्यात एकाच पावलाची वाट बघितली, आणि येतं ते दुसऱ्याचं." त्यांनी पेला माझ्या हातात दिला. "प्रभूला सांगते मी. म्हणते, बघ, आली परत कळ. तो काही बोलत नाही, पण मला उठवतो. मी उठते, दार उघडते. महेश आत येतो, आणि हे वाजवायला लागतात."